आत्याचा संथ कॉम्प्युटर आणि सकाळी उठणारे चौदा प्रोग्राम

माझी आत्या मिरजेला असते आणि घरबसल्या मराठी टायपिंगची कामं करते. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिकांचे मजकूर, वकिलांचे दावे, अधूनमधून एखादा प्रबंध. टाइपरायटरवर मराठी टायपिंगच्या, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या, परीक्षा दिलेली बाई ती. बोटं आजही टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवरच धावतात. कॉम्प्युटर २०१७ साली असेंबल करून घेतलेला: ४ जीबी रॅम, १ टीबीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, विंडोज १०. २०२४ च्या दिवाळीत मी गेले तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "बटण दाबते आणि देवपूजेला बसते. पूजा आटोपून येते तरी पहिलं अक्षर उमटलेलं नसतं."

तोवर दोघांनी तिला सल्ले देऊन झाले होते. एकाने सांगितलं फॉरमॅट मारा, दुसऱ्याने सांगितलं नवीन घ्या. फॉरमॅटला ती तयार नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्याचे फॉन्ट, वर्षानुवर्षं बसवलेली अक्षरमांडणी, हे सगळं परत जमवायचं म्हणजे आठवडा गेला असता. अहवालांचा हंगाम डोक्यावर असताना आठवडाभर मशीन बंद ठेवणं तिला परवडणारं नव्हतं.

मी पुण्यात एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळण्याचंच काम करते. मी म्हटलं, "आत्या, चालू होताना काय काय उठतंय ते आधी बघू." त्यावर तिने हातच जोडले. "स्टार्टअपला हात लावू नकोस गं. मागे एकदा लावून झालंय."

मागे काय झालं होतं

साधारण वर्षभरापूर्वी ओळखीतल्या एका मुलाने तिला मदत म्हणून स्टार्टअपच्या, म्हणजे मशीन चालू होताना आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांच्या, यादीतलं सगळं सरसकट बंद केलं होतं. कॉम्प्युटर थोडा हलका झालाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या एका पत्रिकेचा मजकूर टाइप करायला बसली आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. टायपिंगचं सॉफ्टवेअर सकाळी आपोआप उठायचं, ते उठलंच नव्हतं. ते वेगळं चालू करावं लागतं हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं, इतकी वर्षं तशी वेळच आली नव्हती. गिऱ्हाईक दारात बसलेलं. शेवटी तो मजकूर दुसरीकडे गेला. संध्याकाळी तिने त्या मुलाला बोलावून सगळं पूर्ववत चालू करून घेतलं, अगदी नको असलेलंसुद्धा.

त्या मुलाला मी दोष देणार नाही. यादीत टायपिंगच्या सॉफ्टवेअरची नोंद होती ती पाच इंग्रजी अक्षरांच्या, काहीच अर्थ न लागणाऱ्या नावाने, आणि शेजारचा प्रकाशकाचा रकाना रिकामा. कुणालाही व्हायरस वाटावा असंच ते दिसत होतं. पण या प्रसंगातून मला एक गोष्ट पक्की कळली. यादीतली कुठली नोंद ठेवायची हे यादी बघून ठरत नाही. त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांत काय लागतं, ते त्यालाच विचारावं लागतं. म्हणून मी आत्याला शेजारी बसवूनच काम करायचं ठरवलं, आणि तिला कबूल केलं की तिने हो म्हटल्याशिवाय एकही नोंद बंद करणार नाही.

आधी घड्याळ

"स्लो झालाय" एवढ्यावर काही करता येत नाही. मी वही घेतली आणि आत्या रोज जशी मशीन चालू करते तशीच करायला सांगितली. डेस्कटॉप दिसायला १ मिनिट ५० सेकंद. तिची फाइल उघडून पहिलं मराठी अक्षर उमटायला ९ मिनिटं २० सेकंद. डिस्क शांत व्हायला बारा मिनिटं. म्हणजे विंडोज तशी वेळेत उठत होती. सगळा वेळ जात होता तो डेस्कटॉप दिसल्यानंतर.

"रोज जशी करते तशीच" हे मी मुद्दाम म्हणतेय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनवर काय काय चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली (म्हणजे प्रोसेसरखाली) अप टाइम, म्हणजे विंडोज शेवटची नव्याने सुरू झाल्यापासूनचा वेळ, पाहिला, तर तिथे ४१ दिवस. आत्या गोंधळली, "अगं, मी रोज रात्री बंद करते, बोर्डाचं बटणसुद्धा काढते." ती खरंच बोलत होती. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शट डाउन केलं की विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. अगदी नव्याने सुरुवात होते ती रीस्टार्ट केल्यावर. पण वापरणाऱ्याचं सत्र मात्र शट डाउनमध्ये पूर्ण बंद होतं, त्यामुळे स्टार्टअपचे प्रोग्राम दर सकाळी पहिल्यापासून उठतात. फास्ट स्टार्टअप असूनही तिची सकाळ वाया जात होती ती यामुळेच.

आणखी एका ठिकाणी डोकावले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज या फोल्डरांच्या आत डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स नावाची नोंदवही असते. त्यात १०० क्रमांकाच्या नोंदींमध्ये त्या त्या दिवशी चालू व्हायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत लिहिलेलं असतं, आणि १०१ क्रमांकाच्या नोंदीत कुठल्या प्रोग्रामने उशीर केला त्याचं नाव. मागे मागे जात पाहिलं तर जूनपासून आकडे एकदम चढलेले दिसले. आत्याला विचारलं, जूनमध्ये काय झालं? ती म्हणाली, "नवा प्रिंटर घेतला. आणि दुकानदाराने कसलं तरी अँटिव्हायरस टाकून दिलं." ही नोंदवही फारसं कुणी उघडत नाही, पण मला अर्धी दिशा तिथेच मिळाली.

डिस्कसमोरची रांग

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना पहिली बारा मिनिटं १०० टक्क्यांवर खिळलेला होता, सीपीयू मात्र ३० ते ४० टक्क्यांत. इथे जरा थांबते, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं कळतं.

तिच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य वर्तुळावर न्यायला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद. एका छोट्या वाचनाला असे १२-१३ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० वाचनं. एखादी मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क चांगली पळते. पण प्रोग्राम उठतो तेव्हा त्याला शेकडो बारीकसारीक फाइली वेगवेगळ्या जागांवरून लागतात. चौदा प्रोग्राम एकदम उठले की डोकं एकाचं अर्धं काम टाकून दुसऱ्याकडे धावतं. सगळ्यांनी मिळून चार हजार वाचनं मागितली तर नुसत्या धावाधावीत ५० सेकंद जातात.

त्यात रॅम ४ जीबी. ती भरली की विंडोज मावत नाही तेवढं डिस्कवरच काढून ठेवते. म्हणजे ज्या डिस्कसमोर आधीच रांग लागलेली, तिच्याच डोक्यावर आणखी ओझं.

आता यादी. विंडोज ७ पर्यंत ही यादी एमएसकॉन्फिगमध्ये असायची, २०१२ च्या विंडोज ८ पासून ती टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर आली. तिथे प्रत्येक नोंदीपुढे परिणाम हाय, मीडियम की लो ते लिहिलेलं असतं. हाय म्हणजे उठताना एक सेकंदाहून जास्त सीपीयू किंवा ३ एमबीहून जास्त डिस्क वापरणारा. ३ एमबी म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही, त्यामुळे अर्धी यादी हायच दिसते आणि नुसत्या त्या शब्दावरून काही ठरवता येत नाही. रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून मी आणखी दोन रकाने काढले: उठताना डिस्क किती वापरली, आणि प्रोग्राम कुठल्या वाटेवरून चालतो. खरी तुलना होते ती या आकड्यांवरून.

एकेक नोंद, आत्याला विचारून

चालू नोंदी चौदा होत्या. मी नाव वाचायचे, राइट क्लिक करून फाइलची जागा उघडायचे, फोल्डरच्या नावावरून ती कुणाची ते सांगायचे, आणि आत्या सांगायची लागते की नाही. वहीत दोन रकाने केले होते.

गेम उतरवून घेण्याचा प्रोग्राम माझ्या आतेभावाचा. तो नोकरीसाठी बंगळुरूला जाऊन तीन वर्षं झाली. मीटिंगचं ॲप २०२० मधलं, त्याच्याच ऑनलाइन वर्गांचं. दोन्ही बंद. गाण्यांचं ॲप आत्या लावते, पण संध्याकाळी. तिला वाटत होतं, इथे बंद केलं की गाणी जातील. इथे बंद करणं म्हणजे काढून टाकणं नाही, नुसतं आपोआप उठायचं थांबवणं, चिन्हावर टिचकी मारली की पूर्वीसारखंच उघडतं, हे मी तिला लगेच उघडून दाखवलं. हे दाखवल्यावर तिची भीती निम्मी झाली आणि पुढची यादी तिनेच भराभर मार्गी लावली.

जुन्या प्रिंटरचे दोन प्रोग्राम होते. तो प्रिंटर भंगारात जाऊन सहा महिने झालेले, त्याची शाई मोजणारा प्रोग्राम मात्र रोज सकाळी उठून त्याला शोधत बसायचा. ते दोन्ही कायमचे काढले. नव्या प्रिंटरचेही दोन: एक शाईचा, एक स्कॅनचा. इथे आत्या अडली, कारण प्रिंट निघाली नाही तर काम थांबतं. पण छपाईचा ड्रायव्हर आणि प्रिंट स्पूलर ही सेवा (सेवा म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) या यादीत नसतातच, ते वेगळे चालतात. आम्ही दोन्ही नोंदी बंद केल्या, रीस्टार्ट केलं, एक पान छापलं. पान आलं. मग तिने वहीत स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली.

क्लाउडवर फाइली पाठवणारा प्रोग्राम सगळ्यात जड निघाला. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक सल्ले सांगतील, हाच आधी बंद करा. मी नाही केला. आत्याचं टायपिंगचं फोल्डर त्याच्यातूनच वर जातं, आणि सात वर्षांच्या जुन्या डिस्कवरच्या फाइलींची ती एकुलती एक दुसरी प्रत. रोजचा अर्धा मिनिट वाचवण्यासाठी ती धोक्यात घालणं मला अजिबात पटत नाही. त्याच्या आत मात्र गेले. आतेभावाचे जुने फोटो आणि व्हिडिओ विनाकारण जुळवले जात होते, ते फोल्डर काढले आणि फक्त कामाचं ठेवलं.

मग आली ती पाच अक्षरी नोंद. फाइलची जागा उघडली, आणि फोल्डरचं नाव आत्यानेच वाचलं, "अगं, हे तर माझं टायपिंगचं!" विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण मांडणीचा, कीबोर्ड असतो, मे २०१९ च्या अपडेटपासून उच्चारानुसार टाइप करायचाही आहे, पण रेमिंग्टनवर बसलेल्या हाताला त्यांचा काही उपयोग नाही. तिच्या मशीनवर ही नोंद सगळ्यात मोलाची. वहीत तिच्यापुढे लाल पेनने "हात लावायचा नाही" असं लिहिलं. ध्वनीच्या कार्डाची आणि विंडोज सिक्युरिटीची नोंद हलकी होती, तीही राहू दिली.

पहिल्या फेरीनंतर

सात नोंदी बंद, दोन काढलेल्या. शट डाउन करून पुन्हा चालू केलं, घड्याळ लावलं. पहिलं अक्षर ७ मिनिटं ३५ सेकंदांनी.

मला खरंच वाईट वाटलं. इतक्या मेहनतीने पावणेदोन मिनिटं. आत्या म्हणाली, "फरक पडलाय की." पण डिस्क तशीच १०० वर होती, आणि यादीत तर आता जेमतेम पाच नावं उरली होती. म्हणजे खाणारा यादीबाहेरचा होता.

प्रोसेसच्या पानावर डिस्कच्या रकान्यावर टिचकी मारून जास्त वापरणारे वर आणले. पहिल्या दोन ओळी दोन वेगवेगळ्या अँटिव्हायरसच्या. एक मशीनबरोबर आलेलं, चाचणीची मुदत केव्हाच संपलेली. दुसरं जूनमध्ये दुकानातून टाकलेलं. दोघंही सेवा म्हणून चालत होते, आणि सेवा स्टार्टअपच्या यादीत दिसत नाहीत. उघडणारी प्रत्येक फाइल आधी एक तपासणार, मग दुसरा. यादीत दिसणारं त्यांचं चिन्ह बंद करूनही काही झालं नसतं, चौकीदार आतच राहिला असता.

मुदत संपलेलं ॲप्सच्या यादीतून काढलं. ते नेहमीच्या पद्धतीने पूर्ण निघालं नाही, तेव्हा त्याच्याच कंपनीचं काढून टाकण्याचं साधन वापरलं. मग दुसरंही, आत्याशी बोलून. दुसरं अँटिव्हायरस असेल तर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो, आणि ते निघालं की आपसूक कामाला लागतो. पण त्याच्या भरवशावर न राहता मी विंडोज सिक्युरिटीचं पान उघडून हिरवी खूण बघितली, अपडेट करून घेतलं, आणि मगच मशीन बंद केलं. संरक्षण काढून वेग मिळवायचा नसतो, विशेषतः जिथे लोकांचे पेनड्राइव्ह रोज येतात तिथे.

पुन्हा घड्याळ. ४ मिनिटं ५ सेकंद.

राहिलेले दोन

एक होता कॉम्प्युटर वेगवान करून देतो म्हणणारा प्रोग्राम, तोही जूनमधलाच. रोज सकाळी उठून पूर्ण डिस्क चाळायचा आणि अमुक शे चुका सापडल्या म्हणून लाल अक्षरांत भीती दाखवायचा. आत्या ते रोज वाचायची आणि तिला वाटायचं आपलं मशीन आजारी आहे. तो समूळ काढला. अशा प्रोग्रामांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घरच्या मशीनवर त्यांची गरज नाही.

दुसरा लपलेला होता. त्यासाठी ऑटोरन्स वापरलं. सिसइंटर्नल्सचं हे छोटं साधन मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी लिहिलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी घेतली, आणि आजही ते फुकट मिळतं. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या) रन नोंदी, स्टार्टअप फोल्डर, ठरल्या वेळी कामं चालवणारा टास्क शेड्युलर, सेवा, असं जिथून म्हणून काही आपोआप उठू शकतं ते सगळं हे दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय आधी निवडायचा, नाहीतर यादी बघूनच दडपण येतं. पिवळ्या ओळी म्हणजे फाइल निघून गेली, नोंद मागे राहिली. अशा तीन सापडल्या. आणि टास्क शेड्युलरमध्ये, लॉगिन झालं की चालणारा, काढून टाकलेल्या जुन्या प्रिंटरचाच अपडेट तपासणारा एक. मी कुठेच डिलीट दाबलं नाही, फक्त खूण काढली. काही अडलं तर खूण परत लावता येते.

शेवटची मोजणी सलग तीन सकाळी केली, एका सकाळवर माझा विश्वास नाही. ३ मिनिटं १५, ३ मिनिटं ५ आणि ३ मिनिटं १० सेकंद. रॅमचा वापर लॉगिननंतर ३.५ जीबी असायचा, तो २.२ वर आला होता. एक पैसा खर्च न करता आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरला धक्का न लावता.

याहून खाली स्टार्टअप आवरून येणार नव्हतं, हे मी आत्याला स्वच्छ सांगितलं. उरलेला वेळ त्या फिरत्या तबकडीचा होता. एसएसडी म्हणजे चिपवरची डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, डोकं हलवावं लागत नाही, त्यामुळे बारीक वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. जानेवारीत अहवालांचे पैसे आल्यावर तिने दोनेक हजारांची छोटी एसएसडी घेतली. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत त्यावर उतरवली, त्यामुळे टायपिंगचं सगळं जागच्या जागी राहिलं. आता पहिलं अक्षर पाऊण मिनिटात उमटतं. याहून जास्त खर्च मी तिला करू दिला नाही. विंडोज १० ची नेहमीची अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे जाहीर झालेलं होतं आणि तिचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मोठे पैसे पुढच्या मशीनसाठी ठेवलेले बरे.

एप्रिलमध्ये एकदा सकाळीच तिचा फोन आला. प्रिंटरचं अपडेट आलं होतं आणि मशीन जड वाटत होतं. मी विचारायच्या आत तीच सांगायला लागली, "टास्क मॅनेजर उघडला. यादीत एक नवीन नाव आलंय, वहीत नाही ते. फाइलची जागा बघितली, प्रिंटरचंच फोल्डर आहे. बंद केलं, चालू करून बघितलं, एक पान छापलं. पान आलं."

"मग फोन कशाला केलास गं?"

"वहीतलं पान संपलंय. नवीन पानावर रकाने कसे आखू ते विचारायला."